शेवटची तीस पावलं: हात की हिशेब?

तीनशे यार्डांचा ड्राइव्ह असो नाहीतर तीन फुटांचा पट, स्कोअरकार्डावर दोन्हींची नोंद एकेक फटका अशीच होते. गोल्फ खेळणाऱ्यांतला जुना वाद इथूनच सुरू होतो. सरावाचा वेळ लांबच्या फटक्यांना द्यायचा, की ग्रीनच्या आसपासच्या चिप, पिच, बंकर आणि पटिंगला, म्हणजे शॉर्ट गेमला? आणि शॉर्ट गेम सुधारायचाच असेल तर भरवसा हाताच्या अंदाजावर ठेवायचा की आखीव पद्धतीवर?

इथे भांडणारे दोघे पुण्याचे. मामा लष्करातून निवृत्त झालेले, छावण्यांच्या मैदानांवर कॅडींचं बघत बघत खेळ शिकलेले. भाची संख्याशास्त्र शिकलेली, नोकरीही आकड्यांचीच, आणि हँडिकॅप मामांपेक्षा कमी. हा शेवटचा तपशील मामांना फारसा आवडत नाही.

मामा : रेंजवर गेलीस की बादलीभर चेंडू ड्रायव्हरनेच हाणतेस. त्याला व्यायाम म्हणता येईल, सराव नाही. आपल्यासारख्यांचे फटके जातात ते ग्रीनपाशी. ड्राइव्ह मिरवायला आणि पट कमवायला, असं जुने खेळाडू उगाच म्हणत नसत.

भाची : ऐकायला छान आहे, पण आकडे साथ देत नाहीत. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. अमुक अंतरावरून चेंडू होलमध्ये जायला सरासरी किती फटके लागतात हे आधी काढलं. मग त्या सरासरीच्या तुलनेत कोण कुठे कमावतो आणि कुठे गमावतो ते पाहिलं. अव्वल खेळाडू आणि टूरवरचा सर्वसाधारण खेळाडू यांच्यात जो फरक पडतो, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश शंभर यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांतून येतो. २०१४ साली त्यांचं ‘एव्हरी शॉट काउंट्स’ आलं त्यात हे सगळं आहे. हौशी खेळाडूंचं चित्रही फार वेगळं नाही.

मामा : डेव्ह पेल्झ तर नासात काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ. त्यानेही फटके मोजलेच होते ना? निम्म्याहून जास्त फटके शंभर यार्डांच्या आत पडतात, हे त्यानेच सांगितलं.

भाची : पडतात, कोण नाही म्हणतंय? पण त्यात वीतभर अंतरावरून ढकललेले पटही आले. तसा पट तूही घालतोस आणि टायगर वुड्सही घालतो. म्हणजे मोजणीत तो फटका आहे, पण त्याने दोघांत फरक काहीच पडत नाही. किती फटके खेळलो हा एक प्रश्न, आणि कुठल्या फटक्यांवर मागे पडलो हा दुसरा.

मामा : मग अदिती अशोकचं काय करशील? टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्राइव्हच्या लांबीत ती जवळजवळ तळाला होती. त्याआधी कोविड झालेला, अंगात ताकद नाही, बॅग उचलायला आई. तरी चौथी आली. सुवर्ण जिंकणाऱ्या नेली कोर्डापेक्षा फक्त दोन फटके जास्त, आणि कांस्य एका फटक्याने हुकलं. हे सगळं तिने कशाच्या जोरावर केलं? पटरच्या!

भाची : ते पटिंग खरंच विलक्षण होतं, त्यात वाद नाही. पण दुसरी बाजूही बघ ना. नॉर्वेचा व्हिक्टर हॉवलंड. २०२० साली पोर्तो रिको ओपन जिंकला आणि लगेच त्याने स्वतःच सांगून टाकलं की आपलं चिपिंग वाईट आहे. तरीही पुढची दोन-तीन वर्षं तो जगातल्या आघाडीच्या खेळाडूंत टिकला. लांबचा खेळच इतका अचूक होता की चिप मारायची वेळ कमी यायची.

मामा : आणि फेडेक्स कप कधी जिंकला तो? २०२३ साली, जो मायोकडे चिपिंग पहिल्यापासून शिकल्यावर! त्याच वर्षी मेमोरियल, बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप आणि टूर चॅम्पियनशिप. नंतर रोमच्या रायडर कपमध्ये पहिल्या सकाळी, पहिल्याच होलवर, ग्रीनबाहेरून मारलेली चिप सरळ आत. तुझंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

भाची : अर्धंच बोलतंय. चिपिंगमध्ये तो जगात पहिला झाला म्हणून जिंकला का? नाही. दरवेळी जी गळती व्हायची ती थांबली, एवढंच. मला शॉर्ट गेमकडून तेवढंच हवंय. त्याने डोळ्यांचं पारणं फेडलं नाही तरी चालेल, घात करू नये.

मामा : इथेच आपली फारकत होते. घात होऊ नये एवढ्यासाठी कोणी खेळतं का? सेव्ह बॅलेस्टेरॉस पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका थ्री आयर्नने खेळायला शिकला. क्लब एकच, म्हणून त्याच क्लबने उंच, खुजा, वळणारा, थांबणारा असे सगळे चेंडू मारावे लागले. जी कला हातात आली ती त्या टंचाईतून. आपल्याकडेही तेच. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरासिया घे. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, पोरगा त्याच मैदानावर वाढला. बरोबरचे खेळाडू त्याला ‘चिपपटसिया’ म्हणतात ते काय उगाच? २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्याने नेली. ती पोरं कुठला तक्ता घेऊन बसली होती?

भाची : त्यांच्याकडे तक्ता नव्हता, पण दिवसभर मैदान होतं. तुझ्या-माझ्याकडे शनिवार-रविवारची सकाळ आहे. तेवढ्या वेळात दहा प्रकारचे फटके हातात मुरत नाहीत. म्हणून मला सेव्हपेक्षा पॉल रनियन जवळचा वाटतो. १९३८ सालच्या पीजीए चॅम्पियनशिपची अंतिम लढत आठव. समोर सॅम स्नीड, टीवरून रनियनला कितीतरी मागे टाकणारा. रनियनने त्याला ८ आणि ७ असं हरवलं, म्हणजे सात होल शिल्लक असतानाच सामना खलास. आणि रनियनचं चिपिंग बघायला अगदी बेचव! क्लब पटरसारखा उभा धरायचा, मनगटं गप्प ठेवायची, पट मारावा तसा फटका. फटका कायम तोच, बदलायचा तो क्लब.

मामा : म्हणजे बारातून वजा करायचं ते?

भाची : तेच. समज, चेंडू ग्रीनच्या कडेपासून दोन पावलं बाहेर आहे आणि होल कडेपासून दहा पावलं आत. एकूण बारा पावलं. आता बारातून क्लबचा नंबर वजा कर. नाइन आयर्न घेतलं तर उरतात तीन, म्हणजे हवेत एक भाग आणि जमिनीवर तीन भाग. तीन पावलं उडून चेंडू ग्रीनवर एक पाऊल आत पडेल आणि नऊ पावलं घरंगळेल. सेव्हन आयर्न घेतलं तर एकास पाच. मग चेंडू बरोब्बर कडेवर पडणार आणि तिथलं गवत काय करेल ते सांगता येत नाही. पिचिंग वेजला दहा धरायचे, म्हणजे एकास दोन, चार पावलं हवेत. चेंडू जितका जास्त उडवशील तितकी चूक मोठी. म्हणून जो क्लब चेंडूला सगळ्यात कमी उडवून सपाट ग्रीनवर टाकेल, तो घ्यायचा. इथे नाइन.

मामा : आणि जुलैतला पाऊस? ग्रीन सुस्त झालेलं असतं. तुझा चेंडू नऊच्या ऐवजी सहा-सात पावलांवर बसेल.

भाची : मग एट आयर्न घ्यायचं. चढ असेल तर एक नंबर खालचा क्लब, उतार असेल तर एक नंबर वरचा. नियम म्हणजे काही शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात करायला पक्की जागा मिळते.

मामा : ती जागा तुला मिळते ती चेंडू गवतावर नीट बसलेला असेल तर. तुझ्या तक्त्यात लाय कुठे आहे? मी चेंडूपाशी गेलो की आधी क्लब काढत नाही. बूट दाबून बघतो, जमीन किती देते. मग गवत कुठल्या दिशेला झुकलंय ते बघतो. आपल्याकडच्या बर्म्युडाचा कल तुझ्याकडे असेल तर वेजची धार त्यात अडकतेच. चेंडूच्या शेजारी, तसल्याच गवतात, एकदोनदा क्लब फिरवून आवाज ऐकतो. नुसतं खरडल्यासारखा आवाज आला तर ठीक. धप्प आवाज आला तर धार मातीत चाललीय, फटका बदलायला हवा. हे कुठल्या पुस्तकात मोजून देणार?

भाची : हे मात्र मला तुझ्याकडून शिकायचंय. आणि त्यामागचं कारण पुस्तकात आहे बरं का. वेजचा तळ सपाट नसतो. तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली असतो, त्या कोनाला बाउन्स म्हणतात. सँड वेजला तो साधारण दहा ते चौदा अंश असतो. तळ जमिनीला आधी टेकला तर क्लब घसरत पुढे जातो, धार आधी टेकली तर रुततो. आता आपल्या क्लबवर बघ, निम्मे लोक चेंडू उजव्या पायापाशी ठेवतात आणि दोन्ही हात पार डाव्या मांडीपुढे नेतात. कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, हात पुढे ठेव. मग दांडा इतका पुढे झुकतो की बाउन्स उरतच नाही. पावसाळ्यात ते चेंडूच्या मागचं ढेकूळ उडवतात आणि चेंडू पावलाभरावर.

मामा : आणि पुढच्या वेळी घाबरून अंग वर उचलतात, धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये. डफ आणि टॉप ही सख्खी भावंडं. उपाय सोपा आहे. पाय जवळ, वजन डाव्या पायावर आणि ते तिथेच राहू द्यायचं. चेंडू मध्यापासून जरासाच मागे. हात चेंडूच्या किंचित पुढे, बस. आणि फटका मारताना छाती थांबवायची नाही, होलकडे वळू द्यायची. छाती थांबली की मनगटं चमचा करतात.

भाची : हे तर तू चक्क पद्धत सांगतोयस!

मामा : सांगतोय, पण सगळ्यांना एकच नाही. तुझ्या हॉवलंडला मायोने काय शिकवलं? क्लब चेंडूवर वरून, तीव्र कोनात आण. बाकीचे निम्मे प्रशिक्षक सांगतात, उथळ आण, तळ घासू दे. दोघांचेही शिष्य जिंकतात. मॅट फिट्झपॅट्रिक तर चिप मारताना डावा हात उजव्याच्या खाली धरतो आणि २०२२ ची यूएस ओपन जिंकतो. मग शास्त्र कुठलं खरं?

भाची : फिट्झपॅट्रिक माझ्या पक्षातला आहे हं! पोरवयापासून स्पर्धेतला प्रत्येक फटका वहीत लिहून ठेवणारा माणूस आहे तो. उलटी पकड त्याने मिरवायला धरलेली नाही, चुका कमी होतात म्हणून धरली. माझं म्हणणं तेवढंच आहे. चांगल्या दिवशी काय होतं ते बघून फटका निवडायचा नाही, बिघडल्यावर काय होतं ते बघून निवडायचा.

मामा : म्हणजे नेमकं काय?

भाची : परवाचा तुझा चौदावा होल. चेंडू आणि होल यांच्या मधे बंकर, होल बंकरच्या लगेच पलीकडे. तू साठ अंशांचा लॉब वेज काढलास. समज, फटका उत्तम बसला आणि चेंडू होलपासून आठ फुटांवर थांबला. टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरचे पट साधारण निम्मेच घालतात. मी असते तर बंकर टाळून ग्रीनच्या मध्यावर गेले असते, वीस फुटांचा पट राहिला असता. तो टूरवाले शंभरात पंधरा वेळा घालतात. दोन्हींतला फरक फटक्याचा तिसरा हिस्सा, तोही लॉब उत्तम बसला तर. आणि नाही बसला तर बंकर, कदाचित बंकरातून पलीकडे, म्हणजे दोन फटके सहज गेले. फटक्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या नफ्यासाठी दोन फटक्यांची जोखीम. तू बँकेत अशी ठेव ठेवशील?

मामा : बंकरला मी घाबरत नाही. क्लबचा चेहरा आधी उघडायचा, मग पकड घ्यायची. चेंडू डाव्या पायाकडे, आणि चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत जायचं. चेंडूला क्लब लागतच नाही, वाळूच त्याला बाहेर फेकते. त्यासाठीच तर जीन सॅराझेनने वेजचा तळ जाड करून घेतला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. लोक बंकरात अडकतात कारण मध्येच हात आखडतात.

भाची : तू घाबरत नाहीस, मान्य. पण पावसात वाळू ओली होऊन बसली की तोच उघडा चेहरा वरून उसळतो आणि धार चेंडूला लागते. तेव्हा चेहरा जरा कमी उघडावा लागतो, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे दरवेळी नवा अंदाज. जिथे अंदाज कमी लागतो तिथे चेंडू ठेवावा, एवढंच मी म्हणते.

मामा : आणि असं सगळं टाळत गेलं की हात मरतात. अवघड फटका कधी मारलाच नाही, तर जेव्हा दुसरा मार्गच नसेल तेव्हा काय करशील? टायगरचं आठव. २०१५ ची फिनिक्स ओपन, दुसऱ्या दिवशी ८२. तोपर्यंतच्या व्यावसायिक कारकिर्दीतली त्याची सर्वांत वाईट फेरी. ज्याच्या चिपिंगवर जगाने डोळे लावले त्याचे चेंडू पायाशीच राहत होते. स्विंग बदलत होता, जुन्या आणि नव्या पद्धतीच्या मधे अडकलोय असं तो स्वतःच म्हणाला. डोक्यात पद्धत शिरली की हातांना काही सुचत नाही.

भाची : आणि तेच हात पुढे सावरले, २०१९ ची मास्टर्स जिंकण्याइतके. पण तुझा मुद्दा मला पटतो, फक्त त्याची जागा वेगळी आहे. हात जिवंत ठेवायचे ते सरावात. तिथे लॉब मार, सेव्हसारखं एकाच क्लबने सगळं करून बघ, गवतात रुतलेले चेंडू मुद्दाम खेळ. चुकलं तरी तिथे कार्ड नसतं. कार्ड हातात आलं की रनियन.

मामा : मग तुझा तो एकाच जागेवरून तीस चेंडू मारण्याचा सराव बंद कर. चौथ्या चेंडूपासून हाताला उत्तर पाठ होतं, विचार करावाच लागत नाही. मैदानावर एकच चेंडू असतो आणि दुसरी संधी नसते. एक चेंडू घे, ग्रीनभोवती नऊ जागा निवड. काही सोप्या, काही नालायक. प्रत्येक जागेवरून एक चिप, आणि मग पट घालून चेंडू आत जाईपर्यंत सोडायचं नाही. प्रत्येक जागेचा पार दोन, एकूण अठरा.

भाची : आणि आकडा लिहून ठेवायचा. कुठल्या जागेवर तीन झाले, कुठे चार, आणि चार झाले ते चिपमुळे की पटमुळे. आपण सगळे म्हणतो की पटिंग वाईट. वही बघितली की कळतं, पहिली चिपच बारा फूट लांब राहिली होती.

मामा : पटिंगचंही सांग, तिथे तुझी वही काय म्हणते?

भाची : दिशेपेक्षा अंतर. टूरवरच्या खेळाडूला साधारण तेहतीस फुटांवरून सरासरी दोन पट लागतात. म्हणजे तिथून चेंडू होलमध्ये घालायचा हट्ट नको, तीन पट झाले नाहीत म्हणजे मिळवलं. लोक उताराची रेघ बघायला गुडघ्यावर बसतात, पण जोर किती लावायचा याचा विचार करत नाहीत. मी सराव ग्रीनवर होलकडे बघतच नाही. दहा, वीस आणि तीस पावलांवर टी खोचते आणि तिथपर्यंतच पोचवायचा प्रयत्न करते.

मामा : यात माझं भांडण नाही. कॅडी लोक पटरशिवाय हातानेच चेंडू घरंगळवून ग्रीनचा वेग जोखायचे, मी अजून तसंच करतो. पण एक सांग. सेव्ह आणि ओलाथाबाल या जोडीने रायडर कपमध्ये १५ सामन्यांपैकी ११ जिंकले आणि फक्त दोन हरले. बंकरांवरून, झाडांखालून, वेडेवाकडे फटके मारून. तुझा हिशेब खरा असेल, तर ते हरायला हवे होते.

भाची : (जरा थांबून) नाही, हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. रायडर कप मॅचप्ले असतो. तिथे एका होलवर आठ मारलेस काय आणि पाच मारलेस काय, तोटा एका होलचाच. वाईट फटक्याची किंमत तिथेच संपते, पण चांगल्या फटक्याचा नफा पूर्ण मिळतो. अशा वेळी लॉब काढणं शहाणपणाचं आहे. मेडल राउंडला, म्हणजे सगळे फटके मोजतात तिथे, तोच आठ आकडा अठराव्या होलपर्यंत पाठ सोडत नाही. खेळाचा प्रकार बदलला की धाडसाचा भाव बदलतो. हे मी आधी असं मांडलं नव्हतं.

मामा : म्हणजे मी बरोबर होतो.

भाची : मॅचप्लेमध्ये, आणि समोरच्याचा चेंडू होलजवळ जाऊन बसला असेल तर. महिन्याच्या मेडलला नाही. आणि तोसुद्धा लाय बघितल्यावर. चेंडू टणक, उघड्या जमिनीवर असेल तर साठ अंशांचा वेज कुठल्याच खेळात काढायचा नाही.

मामा : लाय बघायला तुला माझी गरज लागणारच आहे. ठरलं तर मग, येत्या रविवारी मेडल नको, मॅचप्ले खेळू. चौदाव्या होलवर मी पुन्हा लॉब काढणार.

भाची : काढ. तुझे हँडिकॅपचे फटके मी मोजून देईन. फक्त ते अवघड होलांवर पडतात, आणि चौदावा त्यात नाही.